कोपऱ्यातून उठवणाऱ्या स्नेहलतामावशी

दुःखाच्या घरी जाऊन गप्प बसणं हेही एक काम असतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. हसलेच होते. आमच्या घडियाळी पोळ या गल्लीतल्या स्नेहलतामावशी फडके सकाळी पोळ्या लाटून लूनावर बसायच्या आणि बडोद्यात जिथे कुणी गेलं असेल त्या घरी जाऊन पोचायच्या. ना नातं, ना गोतं. "लष्कराच्या भाकऱ्या भाजता तुम्ही," मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्या म्हणायच्या, "भाजते बाई. तुझं सरपण जळतंय का?"

सत्तावीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. कुणाचे वडील गेले, कुणाचा मुलगा गेला, हे निरोप ट्रंक कॉलवर त्यांच्याच हातून जोडले जायचे. कानात पलीकडचा हंबरडा, आणि आपण काय म्हणायचं, तर 'तीन मिनिटं झाली'. याची त्यांना फार बोच होती. मग एक्स्चेंजात नवी यंत्रं आली, गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, आणि त्र्याण्णव साली मावशींनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पुढच्याच आठवड्यात त्या पहिल्या घरी गेल्या. त्यांची पद्धत साधी होती. 'देवाची इच्छा' म्हणायचं नाही, उपदेश करायचा नाही. त्या घरची भाजी निवडायला घ्यायची आणि माणूस बोलेल तेव्हा ऐकायचं.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात मी त्यांना एका घरी घेऊन गेले. माझ्या वर्गात बारावीला कोमल दळवी होती. तिचे वडील रमाकांत कारखान्यात फिटर, कोकणातून आलेले. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. सव्वा महिन्याने कोमल मला म्हणाली, "बाई, आई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. आजी उठू देत नाही. सोमवारी अकरा वाजता तिला बाबांच्या जागी नोकरीसाठी बोलावलंय. नाही गेली तर पुढच्या माणसाला देणार." म्हणजे आई उठली नाही तर तिघींनी गावी परतायचं, आणि कोमलची परीक्षाही बुडायची.

गुरुवारी आम्ही गोरवा भागातल्या त्यांच्या सोसायटीत गेलो. निरुपमा, कोमलची आई, खरंच कोपऱ्यात चटईवर बसली होती. सासू गंगाबाई दारातच उभ्या होत्या.

"खूणो पाळतोय," त्या म्हणाल्या. "इथे नवरा गेला की बाईनं तीन महिने कोपऱ्यात बसायचं असतं. आमच्या गावात नाही तसं. पण देश तसा वेष. उद्या हेच लोक म्हणतील, मराठी माणसांना जनाची नाही आणि मनाचीही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच मावशींनी मला चिमटा काढला आणि गंगाबाईंना विचारलं, "भाजी काय आहे आज?"

गुरुवारी वालपापडी निवडली, शुक्रवारी मेथी. निरुपमा गप्प, मावशीही गप्प. मी मनात दिवस मोजत होते, कारण सोमवार काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. शनिवारी गंगाबाई दुधाला गेल्या आणि निरुपमाने भिंतीकडे बघतच तोंड उघडलं. "आठ दिवस छातीत दुखत होतं त्यांच्या. मला सांगितलं नाही. राग येतो मला त्यांचा." मग तासभर ती बोलत होती, रडत होती, नवऱ्याशी भांडत होती. मावशी एकदाही 'असू दे' म्हणाल्या नाहीत. शेवटी ती म्हणाली, "मला सोमवारी जायचंय. पण आईंना कसं सांगू? त्यांचा मुलगा गेलाय."

रविवारी मावशी वर न जाता आधी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, हंसाबेनकडे गेल्या. मीही होते. मावशींनी सरळ विचारलं, "खूणो किती दिवसांचा असतो तुमच्यात?"

हंसाबेनने कपाळावर हात मारला. "हाय हाय! ए तो मारी दादीना जमानानी वात! अमने एम के तमारा मराठीमां आवुं हशे, एटले अमे मूंगा रह्या!"

झालं होतं असं, की पहिल्या दिवशी सांत्वनाला आलेल्या हंसाबेनने आपल्या विधवा आजीची हकिकत सांगितली. गंगाबाईंनी ती इथली रीत समजून सुनेला कोपरा दिला. आणि शेजारी समजले, ही मराठी लोकांची रीत असेल. एकमेकांचा मान राखताना एक जिवंत बाई भिंतीला लावून ठेवली होती!

मावशी हंसाबेनला वर घेऊन गेल्या. सगळं ऐकून गंगाबाईंनी कोपऱ्याकडे बघितलं. "म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एवढं नीट पाळलं तर माझ्या रमाकांताला कुणी नावं ठेवणार नाही." मला त्या बाईचा तीन दिवस राग आला होता. तो क्षणात गेला आणि लाज वाटली. गंगाबाईंनी सुनेला हात धरून उठवलं, कोपऱ्यातली चटई गुंडाळली आणि म्हणाल्या, "न्हाऊन घे. उद्याची साडी काढते."

सोमवारी लूनावर मावशींच्या मागे निरुपमा, आणि मागून रिक्षात गंगाबाई आणि मी. पावणेअकराला आम्ही कारखान्याच्या ऑफिसात. साहेब भला माणूस होता. कागद तपासून म्हणाला, "काम स्टोअरमध्ये आहे, बेन. वाटल्यास महिनाभराने रुजू व्हा. अजून थोडे दिवस घरी बसा."

निरुपमाने पदर सावरला. "बसून झालं, साहेब. उद्याच येते."

बाहेर आल्यावर गंगाबाईंचा बांध फुटला. मुलगा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या, भर रस्त्यात, गेटसमोर. मावशींनी त्यांना गप्प केलं नाही, नुसता हात धरला. आणि रडता रडताच गंगाबाई त्या गेटवरच्या वॉचमनला दटावून सांगत होत्या, "ही माझी सून आहे. उद्यापासून रोज येणार. चेहरा नीट बघून ठेवा."