मुदीखालची वाटी

त्या रविवारी संध्याकाळी आक्का जेवायला आली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, इथंच ग्वाल्हेरात हजीऱ्याला राहते. बायकोनं माझं पान नेहमीसारखं आमच्याकडं पाठ करून वाढलं. ताटात चांदीची लहान वाटी पालथी घातली, तिच्यावर मऊ भात थापला, वर वरण-तूप सोडलं. बघणाऱ्याला वाटावं, केवढी मूद! आत पोकळ. मी वरचा पापुद्रा खायचा आणि वाटी उघडी पडायच्या आत ती "झालं ना? द्या इकडं," म्हणून ताट उचलून न्यायची. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी चिरता चिरता ती गेली.

हे सोंग कशासाठी, ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मी शिकलो नाही. सातवीत नापास झालो आणि शाळा सोडली. आमचे वाडवडील संस्थानच्या फौजेत होते, मी महाराज बाड्याच्या चौकात बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचो. माझं नाव झालं ते खाण्यानं. आमच्या लष्कर भागात कुणा मराठी माणसाचं लग्न असलं की मला मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसवायचे आणि जिलबीची परात समोर ठेवून लोक भोवती गोळा व्हायचे. मी मिशीला पीळ देऊन खायचो. पुढं साखर लागली, गुडघे गेले, जिना चढताना धाप लागायला लागली. मी रिटायर झालो त्याच सुमारास आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत मिसळली. पाटी बदलली, माणसं इकडची तिकडं झाली. बायको म्हणाली, "एवढी बँक आवरती घेतली त्यांनी, तुम्ही आता पोट आवरतं घ्या." मला काही ते जमलं नाही. शेवटी मुलगा दिल्लीला घेऊन गेला आणि डॉक्टरनं पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली.

ग्वाल्हेरात सगळ्यांना सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. पंगतीतला वाघ, आणि त्याला तोंड आवरेना म्हणून पोट कापून घ्यावं लागलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?

घरी आल्यावर पहिले दिवस नुसतं मुगाचं पाणी. मग पातळ पेज, मग मिक्सरमधून काढलेलं वरण. तिनं कपाटातून मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा काढला. सहा महिन्यांच्या पोराला भात चाटवला ती वाटी, आता माझी. म्हणाली, "घ्या बाळराजे, आ करा." मी चिडलो. ती हसत राहिली. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास पीठ होईस्तोवर चावायचा, आधी डाळ-पनीर आणि जागा उरली तर भात. हे सगळं तिनं पाठ केलं, मी नाही. एकदा ती देवळात गेली असताना मी बेसनाचा अख्खा लाडू खाल्ला. घाम फुटला, छाती धडधडायला लागली, न्हाणीघराच्या फरशीवर आडवा झालो. ती आली, पंचा ओला करून तोंड पुसत बसली. त्या दिवसापासून घरात लाडू झाला नाही. म्हणजे तिनंही खाल्ला नाही.

माझ्या पानात उरायचं ते मात्र तीच संपवायची. अन्न टाकवत नव्हतं तिला. मी वाळत गेलो, ती भरत गेली. लोकांना डोळे असतात. समोरच्या भाभीजी फाटकातून हाक मारायच्या, "क्यों भाभी, भाईसाहब का हिस्सा भी आप ही खा लेती हो क्या?" आक्का तर बहीणच. त्या रविवारी पण म्हणाली, "अगं, माझ्या भावाला जेवायला घालतेस का नुसतं ताट दाखवतेस?"

बायको म्हणाली, "तुमचा भाऊ खायचाही आळस करतो हो आक्का, मी काय करू?"

सगळे हसले. मीही हसलो. भाताचा पापुद्रा खाता खाता हसलो.

तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी गोडाचं जेवण. आचारी बोलावला होता. घरात माणसं मावत नव्हती. माझा घास पडल्याशिवाय पंगत सुरू व्हायची नाही आणि माझं पान वाढायला ती नव्हती. सकाळपासून मला तेवढीच धास्ती. शेवटी वाटी लेंग्याच्या खिशात घातली आणि स्वयंपाकघरात शिरलो. थोरली वहिनी भात काढत होती.

"माझं पान मी वाढून घेतो," म्हटलं.

"का हो भाऊजी? घरातल्या बायका मेल्या का सगळ्या?" ती बोलून गेली आणि जीभ चावली. मग बाजूला झाली.

मी पाठ करून वाटी पालथी घातली, वर भात थापला. आचाऱ्याचा भात मोकळा, तो ठरेना. कसातरी दाबला आणि पंगतीत जाऊन बसलो. वरण मी घ्यायचं विसरलो. घरी ते ती आतूनच घालून आणायची, कुणाला वाढू द्यायची नाही. ते का, हे मला तेव्हा कळलं. आक्का वरणाचं भांडं घेऊन वाढत आली आणि मला पोरासारखं वाढायचं म्हणून तिनं स्वतःच पळीच्या टोकानं माझ्या मुदीला आळं केलं.

टण् झालं.

आक्कानं पुन्हा पळी टेकवली. पुन्हा तेच. भात ढासळला आणि वाटीचं बूड वर आलं.

"भातात वाटी?"

"पालथी वाटी! गोडाच्या पानात!" वहिनी दारातून ओरडली. "कुणी केलं हे अभद्र?"

पुतणी म्हणाली, "वो खाना बनानेवाला अंकल होगा, मम्मी, बुलाऊं उसको?"

आचारी हात पुसत येऊन उभा राहिला. त्याला काय कळणार? मला वाटलं, गप्प बसावं. खरंच वाटलं. बसलो असतो तर निभावलं असतं, त्याला चार शब्द ऐकावे लागले असते आणि विषय मिटला असता. जसं इतकी वर्षं तिच्यावर मिटवलं.

"त्याला जाऊ द्या. वाटी मी ठेवली," मी म्हटलं. "मला हर्निया नव्हता. खा खा आवरेना म्हणून पोट कापून घेतलंय. ह्या वाटीभर खातो, त्याच्यावर जात नाही. ती घालत होती, मला जात नव्हतं."

 मेहुणा पुटपुटला, "म्हणजे जिलबीची परात..." आणि पुढचं गिळलं. आक्का पळी धरून तशीच उभी. मग खाली बसली, वाटी उचलली, पदरानं पुसली, सुलटी करून माझ्या ताटात ठेवली आणि तिच्यात दोन चमचे वरण घातलं.

"त्या रविवारीसुद्धा?" तिनं विचारलं.

"त्या रविवारीसुद्धा."

"आणि मी तिला..." आक्कानं वरणाचं भांडं खाली ठेवलं. मला तिच्याकडं बघवेना. बोलली ती होती, पण बोलू दिलं मी.

लाडवाचा कण जिभेला लावून मी पंगत सुरू करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मूग शिजायला लावले. पाणी जास्त झालं, मीठ कमी पडलं. मिक्सरचं झाकण नीट बसलं नाही, अर्धं ओट्यावर उडालं. राहिलं ते वाटीत घेतलं आणि बाहेर फाटकाजवळ खुर्ची टाकून खायला बसलो. समोरच्या भाभीजी झाडू घेऊन बाहेर आल्या.

"बस इतना सा, भाईसाहब? कमज़ोर हो जाओगे."

"इतना ही जाता है, भाभीजी," मी म्हटलं. "पेट कटवाया है मैंने. वो तो बेचारी पूरा बनाती थी."

त्यांचा झाडू थांबला. मी चमचा तोंडात घातला आणि चावत राहिलो, पीठ होईस्तोवर.