मामीची रोजची परीक्षा

पश्चिम खानदेशात त्या काळी परीक्षा पुष्कळ होत्या, पण आमच्या मामीच्या घरी दुपारचं जेवण पार पाडण्याइतकी कठीण त्यातली एकही नव्हती. मी शहाद्याला मास्तर होतो. आठवडाभर पोरांना प्रश्न विचारायचो आणि रविवारी ब्राह्मणपुरीला मामीकडे जाऊन त्याचं प्रायश्चित्त घ्यायचो. काल ताटात काय काय होतं ते उलट्या क्रमाने सांगितल्याशिवाय भाकर मिळत नसे. मीठ-साखरेचे डबे ती मनात येईल तेव्हा बदलून ठेवी. खारट चहाने मामांचं तोंड वाकडं झालं की हिचा चेहरा खुलायचा. "आते ध्यान ऱ्हाई," म्हणायची. दात डाव्या हाताने घासायचे, शेतात रोज नव्या वाटेने जायचं. कुणी हसलं तर उत्तर तयार असे, "डोकं बी जातंच शे, भाऊ. छिन्नी-टाकी नही लाई ते नुसतं गरगर फिरस, पीठ पडत नही."

हा सगळा जाच खरं तर एकट्या मामांसाठी होता. त्यांचे वडील म्हातारपणी घरची वाट विसरले होते, आणि अलीकडे मामाही मोट जुंपायला विहिरीवर जात आणि बैल गोठ्यातच राहिलेले असत. गाव हसलं, मामीला मात्र घाम फुटला. हा माणूस आपल्याला विसरणार, ही धास्ती तिने घेतली ती घेतलीच. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही रीत ती कसोशीने पाळणारी. म्हणून रोज सकाळी ती नवा उखाणा रची, नावाच्या जागी थांबे, आणि नाव मामांनी भरायचं. "कयनानी भाकर, वर लोनीना गोया, सांगा बरं, कोन शे मन्हा धनी भोया?" मामा ओरडत, "सुपडू!" तेवढं ऐकलं की ती सुस्कारा टाकून चुलीकडे वळे.

पुढे तिने मामांच्या हाती सुईदोरा दिला. मिशीवाला गडी ओट्यावर बसून गोधडी शिवतोय, हे पाहायला गाव लोटलं. मामांचा हात मोठा सुरेख बसला, पण ठिगळ कुणाच्या कपड्याचं ते सांगितल्याशिवाय टाका घालायची मुभा नव्हती. बापाचं मुंडासं, लेकीचं झबलं, सगळं बरोबर सांगत. एका रविवारी मात्र ते हिरव्या तुकड्यापाशी अडले. तो मामीच्या लग्नातल्या लुगड्याचा होता. "हाई कोनं शे?" त्यांनी तिलाच विचारलं. त्या दुपारी जेवताना एकही प्रश्न आला नाही.

पण हार मानेल ती मामी कसली! सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही तिघे बैलगाडीने गेलो, तर तिथे तिने मामांना घुंगरू, रेवड्या आणि फणी आणायला एकट्यालाच धाडलं. मी नको नको म्हणत होतो. "येतीन, आपला आपला येतीन," ती म्हणाली. दिवस कलला तरी मामा आले नाहीत. घोड्यांच्या बाजारात धुळीने माणसाला माणूस दिसत नव्हता, आणि पलीकडे तापीचं पात्र. मी "मामा, मामा" ओरडलो तर दहा-बारा मामांनी वळून पाहिलं. आमचे त्यांत नव्हते. घोडेवाल्यांनी "सुपडू" म्हणून हाका मारल्या. कुणी ओ देईना. "भाऊ, नदीकडे ते नही गयात ना?" मामीने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी उत्तर द्यायच्या आत ती आमच्या बैलगाडीवर चढली आणि सकाळचा उखाणा खणखणीत आवाजात म्हणाली. नावाच्या जागी थांबली. घोडी खिंकाळली, बाकी काही नाही. तिने तो पुन्हा म्हटला, पुन्हा थांबली. आणि मग जन्मभर जिभेवर न आणलेलं नाव तिने साऱ्या यात्रेसमोर घेतलं.

"सुपडूऽ! ओ सुपडूऽऽ!"

पाण्याच्या हौदाआडून मामा तणतणत उठले. गाडीवरच्या बाईकडे त्यांनी निरखून पाहिलं, आणि त्या नजरेत ओळखीचं काहीही नव्हतं.

"कोन बाई मन्हं नाव लेस? मन्ही घरनी आयकी ते काय म्हनी?"

मामीकडे बघायचा मला धीर झाला नाही. ती खाली उतरली, पदर सारखा केला.

"नही आयकनार ती," ती म्हणाली. "चाला, तुमले घर सोडस."

परक्या बाईपासून हातभर अंतर राखून मामा संकोचत गाडीत बसले. वाटेत त्यांची भीड चेपली. आपली बायको किती हुशार, कशी काही म्हणून विसरत नाही, हे ते त्या बाईला गाव येईपर्यंत कौतुकाने सांगत होते, आणि मामी डोळे पुसत हुंकार भरत होती.