उपाशी पोटाची तपासणी

ह्यांच्या तपासणीच्या तीन तास आधी पोटात काही नको, असं दवाखान्यातल्या बाईंनी मला बजावून सांगितलं होतं. तरी सकाळी निघताना मी ह्यांच्यापुढे पेजेची वाटी ठेवलीच. हे मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, अख्खी बोट ह्यांच्या हुकमात. बोटीवर जायच्या आधी घरून पेज खाऊन निघायचं, ही आमच्या मिरकरवाड्यातल्या संसाराची पहिल्या दिवसापासूनची रीत. उपाशी माणूस मी दाराबाहेर सोडत नाही. यंत्राला काय कळतंय वाटीभर पेज, म्हटलं. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

ह्यांना उताणं निजवून उजव्या बरगड्यांच्या मधे नळीसारखं काहीतरी टेकवलं आणि टकटक मारत राहिले. यकृत किती कडक झालंय ते त्यातून कळतं. चांगलं यकृत मऊ असतं. ह्यांचा आकडा फार वर गेलेला डॉक्टरांनी दाखवला. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण जुनी कावीळ आतल्या आत पोखरत राहिली असावी, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, सकाळी काही खाल्लं होतं का? मी मान खाली घालून पेजेचं सांगितलं. ते रागावले नाहीत. खाल्ल्यावर आकडा थोडा वाढतो, आठ दिवसांनी उपाशी पोटी या, एवढंच म्हणाले.

त्यातला 'थोडा' मी ऐकलाच नाही. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्या वाटीला धरून बसले. सासूबाई दिवसभर तोंड सोडत होत्या, हिच्यापायी दुसरी खेप म्हणून. एरवी मी चार शब्द परत दिले असते. आता वाटायचं, बोला, अजून बोला. देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, चूक माझीच निघू दे रे महाराजा, जन्मभर मूर्ख म्हणवून घेईन. रात्री हे झोपले की मी रडायचे. वाटायचं, ह्यांना ऐकू जात नाही.

आठव्या दिवशी ह्यांना पाण्याचा घोटही न देता नेलं. आकडा तेवढाच आला, उलट किंचित जास्त. बोट बंद करा, मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका, असं सांगून इथल्या डॉक्टरांनी कागद हातात दिला.

रिक्षात बसल्यावर ह्यांनी माझा हात धरला. "बघ, पेजेचा काय दोष नव्हता. आता रडू नको तेवढ्यासाठी."

"मला तो दोष हवा होता हो," मी म्हटलं.

रिक्षावाल्याने कुठे जायचं ते दोनदा विचारलं, पण दोघांनाही सांगता येईना.