जमिनीखालची तार

अंबक्का कुणाच्याही घरात शिरल्या की चप्पल काढता काढताच पहिला प्रश्न टाकायच्या, "तुमच्याकडं किती कांड्या?" मोबाइलच्या कोपऱ्यात रेंज दाखवणाऱ्या त्या उभ्या रेघांना त्या कांड्या म्हणत. कशा आहात, चहा झाला का, हे सगळं नंतर. माझे सासरे गेले तेव्हा भेटायला आल्या, पाचेक मिनिटं मनापासून हळहळल्या आणि मग फोन काढून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "हितं बरी हाय की रेंज." मला असा संताप आला! म्हटलं, अक्का, जरा वेळकाळ बघा. तर म्हणाल्या, "वहिनी, गेलेल्याचं झालं. राहिलेल्यांचं बघाय नको?" आणि पुन्हा खिडकीतून हात बाहेर काढून फोन हलवायला लागल्या.

अक्का मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या घरातल्या. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता, तो लवकर गेला. त्यांनी शिवणकाम करून एकुलत्या एका मुलीला, सुनीताला, शिकवलं. सुनीता पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवरच्या कामाला लागली आणि लॉकडाऊनमध्ये घरी आली ती इथंच राहिली. जुळे सोलापुरात आमच्या शेजारचा फ्लॅट तिनंच घेतला. आमच्या इमारतीत संध्याकाळी खाली उतरलं की सगळी पिकली डोकी. माझा मुलगा पुण्यात, वरच्या पाटलांची मुलगी बंगळुरूला. अक्का मात्र तोऱ्यात सांगायच्या, "माझी पोरगी हितं हाय. सकाळी माझ्या हातचं खाऊन ऑफिसला जाती. ऑफिस म्हंजे आतली खोली!" आम्हाला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

पण ही चैन एका तारेवर लोंबकळत होती. कंपनीनं सुनीताला स्पष्ट सांगितलं होतं की नेट नीट चालत असेल तोवर घरून काम करा, नाहीतर पुण्याला या. आणि आमच्याकडचं नेट म्हणजे केबलवाल्याची काळी वायर, खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीवर. वारा सुटला, गेलं. माकड आलं, गेलं. मोबाइलच्या रेंजवर काम ढकलावं तर ती कधी असायची, कधी नसायची. म्हणून त्या कांड्या. सुनीताची मीटिंग मध्येच तुटली तर कुणाच्या घरी तिला लॅपटॉप घेऊन पळवता येईल, याचा हिशेब त्या बाईच्या डोक्यात चोवीस तास चालू असायचा. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून ती पोरगी इंग्रजीत बोलायची आणि मी तिकडं फोडणी द्यायची थांबायची.

सोलापुरात मिरवणुका बारा महिने. रथ एवढे उंच की पुढं एक जण लांब बांबू घेऊन चालतो आणि रस्त्यावरच्या तारा वर उचलून धरतो. बांबूवाला चुकला की तार तुटली आणि गल्लीचं नेट गेलं. एकदा नेमकी सुनीताची परदेशातल्या साहेबांपुढं मोठी मीटिंग होती आणि त्याच वेळी मिरवणूक आमच्या रस्त्यावर वळली. मी गॅलरीतून बघते तर अक्का, साठी उलटलेली बाई, पदर खोचून, हातात गच्चीवरचा बांबू घेऊन भर रस्त्यात उभ्या! पोरं ओरडायला लागली, "ओ अक्का, सरका की, लागंल तुमाला."

"लागू दे. ही तार तुटली तर माझी पोरगी जाईल."

त्या आवाजानं पोरं चरकलीच. एकानं दुसऱ्या बाजूनं बांबू लावला, रथ मुंगीच्या पावलांनी पुढं सरकला आणि तार वाचली. अक्का घामाघूम होऊन वर आल्या, चेहरा असा की लढाई जिंकली. दारात सुनीता उभी होती. नेट गेलं होतं. तार पुढच्या चौकात तुटली होती.

मला वाटलं आता या कपाळाला हात लावून बसतील. छे! फेऱ्या मारत राहिल्या. गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. मध्येच थांबून म्हणाल्या, "वहिनी, माझ्या दारची तार मी उचलली. पुढल्या चौकात कोण उचलणार? हे एकट्याचं काम न्हाई. हे गावानंच कराय पाहिजे. जमिनीखालनं. पाण्याची लाइन गाव टाकतंय, रस्त्यावरचे दिवे गाव लावतंय, मग ह्या तारेनं काय पाप केलंय?"

म्हटलं, अक्का, इथं नळाला रोज पाणी येत नाही आणि तुम्हाला नेट हवंय महापालिकेचं! लोक हसतील.

"हसू देत. पाण्यासाठी रस्ते खोदायलेतच की! खड्डा उघडा हाय तवर बाजूला एक रिकामी नळी टाका. तार त्यातनं नंतर ओढता येती. खड्डा बुजवल्यावर परत खोदू देणार हायेत का?"

आणि ही बाई एकदा मागं लागली की सुटका नाही. वॉर्डाच्या इंजिनिअरला भेटल्या, मुकादमाला चहा पाजला, खड्ड्याच्या काठावर छत्री घेऊन बसून राहिल्या. शेवटी नमुना म्हणून फक्त आमच्या रस्त्यापुरती परवानगी मिळाली आणि पाण्याच्या पाइपशेजारी एक नारिंगी नळी पडली. त्या दिवशी अक्कांनी अख्ख्या इमारतीला शिरा वाटला.

पुढं जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. नवी लाइन पडली, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. कुठली, ते कोण विचारतंय! पाटील काकांनी प्लंबर बोलावून गुपचूप त्या नारिंगी नळीला भोक पाडलं, जोड घेतला आणि मोटर लावली. मोटर गरगर फिरली. आवाज ऐकून शेजारच्यांना वाटलं, पाटलांकडं पाणी आलं. त्यांनीही भोक पाडलं. दुपारपर्यंत रस्त्यावर बादल्यांची रांग लागली. त्यात माझीही होती, पाण्याचं नाव काढलं की आम्हा सोलापूरकरांचे पाय आपोआप निघतात. अक्का बाजारातून आल्या आणि ते दृश्य बघून हातातली पिशवी तिथंच टाकली.

"अय्यो देवा! अहो, ती नेटची नळी हाय!"

पाटील काका मोटर बंद न करताच म्हणाले, "असू दे की. पण त्यात पाणी कवा सुटणार?"

मी हसून हसून भिंतीला टेकले. अक्का हसल्या नाहीत. त्या भोकांतून नळीत माती जात होती ते त्यांनी पाहिलं होतं. नंतर कित्येक दिवस त्या दारोदार फिरून ती भोकं बुजवून घेत होत्या आणि प्रत्येक घरी तेच समजावत होत्या. कारण पुण्याला या म्हणून कंपनीची शेवटची सूचना आली होती. एवढ्यात महापालिकेनं तार टाकायचं मनावर घेतलं तर सुनीता थांबेल, अशी वेडी आशा. मी एकदा म्हटलं, अहो, एवढ्या लवकर कुठं होतात ही कामं? तर खेकसल्या माझ्यावर, "तुमी तुमच्या पोराला सोडायला स्टेशनवर गेला व्हता. मला जायाचं न्हाई."

माझ्या वर्मी लागलं ते.

सुनीताचं जायचं ठरलं त्याच सकाळी वॉर्डाची बैठक होती. लेक म्हणाली, "अम्मा, मीटिंगला जा. मला सोडायला येऊ नको, रडशील." आणि खरंच त्या स्टेशनवर गेल्या नाहीत. माझा हात धरून, जवळजवळ ओढतच, मला सभागृहात घेऊन गेल्या. तिथं रस्ते, पाणी, कचरा असे विषय झाले. मग अक्का उठल्या. वॉर्डाचे साहेब चांगले होते, शांतपणे ऐकत होते. पण मागून कुणीतरी बोललंच, "अक्का, तुमची पोरगी तर आज चालली म्हणं. मग आता तुमाला कशाला पायजे नेट?"

सगळे थोडे हसले. अक्का मागं वळल्या.

"जायाला रोज गाडी हाय सोलापुरातनं," त्या म्हणाल्या. "परत यायला काय ठेवलंय तुमी?"

पुढचं आधीच सांगून टाकते. विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं, अजून तो घ्यायचाच आहे. नळी रस्त्याखाली आहे, तिच्यात तार नाही. आणि अक्का आता या जगात नाहीत. पण त्या सकाळी त्यांच्या प्रश्नानंतर सभागृहात कुणी हसलं नाही. मला काय झालं कोण जाणे, जन्मात कधी चार माणसांत बोलले नव्हते, ती मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझा मुलगा पुण्यात आहे. आठ तास घरातूनच काम करतो तोही, भाड्याच्या खोलीतून."

मग पाटील काका उठले. "माझी बंगळुरूला." मागं बसलेले एक मास्तर उठले. "दोघंही हैदराबादला." पदराआडून एक बाई नुसतं "मुंबई" म्हणाली. मग कोपऱ्यातून, मधल्या रांगेतून, दारातून आवाज यायला लागले, आणि मघाशी तो टोमणा मारणारा माणूसही मान खाली घालून म्हणाला, "पुणे. थोरला."

मला वाटलं अक्कांना बरं वाटलं असेल. त्यांच्याकडं बघते तर त्या रागानं थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एवढी जणं व्हता," त्या म्हणाल्या, "आन् मी एकटीच बोंबलत फिरायले व्हते?"