येताना दिसलेला ठोसा

रविवार, सकाळी दहा. हजर: मी, वहिनी आणि रिंगमध्ये वहिनीची सतरा वर्षांची हेवीवेट लेक जुई. "एक जरी ठोसा जोरात बसला तर बॉक्सिंग बंद," असं वहिनीने घरूनच बजावलं होतं. पुढच्या स्पर्धेच्या अर्जावर तिने सहीही केली नव्हती.

दुसऱ्या फेरीत जुईच्या जबड्यावर ठोसा बसला. वहिनीने डोळे गच्च मिटून माझा हात आवळला. जुईने मात्र ठोशाबरोबर मान वळवली आणि चक्क हसली.

तिचे बॉक्सिंगचे जुने सर आमच्या शेजारीच बसले होते. म्हणाले, "वर्षभर मानेचा व्यायाम केलाय तिनं. आणि ताई, येताना दिसलेला ठोसा माणूस सोसतो. न दिसलेला आडवा करतो. तुम्ही डोळे मिटताय, म्हणून तुम्हालाच जास्त लागतंय."

मी मनात मला बसलेल्या ठोशांची यादी केली: गुडघेदुखी, बदली, सासूबाईंचा रुसवा. सगळं येताना दिसत होतं. मीच पाहिलं नव्हतं. मला हसूच आलं.

तिसऱ्या फेरीत वहिनीने डोळे उघडे ठेवले. "डावा हात वर धर, ठोंबे," म्हणून ओरडलीसुद्धा.

जुई जिंकली. अर्जावरची सही अजून राहिली आहे, कारण वहिनी माझ्या पर्समध्ये पेन शोधते आहे.