चुकलेल्या उत्तराचं घर

टेंभुर्णीजवळच्या आमच्या शाळेत एक सर होते. त्यांच्या वर्गात चूक उत्तर देणं कोणालाच जमत नसे. पोरगं काहीही बोललं की हे मान डोलावून म्हणणार, "बराबर." सात आठे चोपन्न? बराबर. बेडूक अंडी उबवतो? बराबर. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'बराबर सर' असं मीच पाडलं. नावं ठेवण्यात माझा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही होता.

गंमत पुढेच असायची. "चोपन्न बराबर हाय," ते म्हणायचे, "पन ह्ये कोनाचं हाय? हुडका." मग अख्खा वर्ग चोपन्नाचं घर शोधायला सुटायचा. नऊ सक चोपन्न सापडलं की मग बिचाऱ्या छप्पन्नाची पाळी. एका पाढ्याला सबंध तास. मी एकदा म्हटलं, "सर, चुकलं तर सरळ चुकलं म्हणावं की." तर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं ढोर चुकलं म्हंजी काय व्हतं? हरवतं. चुकल्याल्या ढोराला कोनी मारत न्हाई, कोनाचं हाय ते इचारत्यात." हे मी स्टाफरूममध्ये नक्कल करून सांगितलं. सगळे पोट धरधरून हसले.

हजेरीचं तर विचारूच नका. बाकीच्या वर्गांत पोरं 'हजर' म्हणून मोकळी होतात. यांच्याकडे नाव पुकारलं की आज कसं काय ते सांगायचं. "पोट भरलंय." "आईसंगं भांडण झालं." "राग आलाय." राग आलेल्याला दाराजवळ बसायची मुभा होती; तो आपणहून बोलेपर्यंत त्याला कोणी काही विचारायचं नाही. दाराजवळ वारा छान येई, त्यामुळे उन्हाळ्यात निम्मा वर्ग रागावलेला असायचा. सरांना हे कळत नसेल? पण ते खुशाल टेबल सरकवून रागावलेल्यांना जागा करून द्यायचे.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. त्यांच्या छापील कागदात नवाच रकाना होता, 'वर्गातील भावनिक वातावरण'. साहेबांनी सरांच्या चौथीत विचारलं, "सात आठे?" एक पोरगं ठणकावून म्हणालं, "चौसष्ट." आणि अख्खा वर्ग ओरडला, "बराबर!" साहेबांचं पेन हवेतच थांबलं. पोरं चौसष्टाचं घर शोधून काढायच्या आत त्यांनी 'असमाधानकारक' लिहून टाकलं होतं. मग ते माझ्या पाचवीत आले. तिथे पाल चुकचुकली असती तरी ऐकू आली असती. "वा, काय शांतता," म्हणाले आणि 'उत्तम' लिहून गेले. आवाज न येणं म्हणजे चांगलं वातावरण, असा साहेबांचा समज होता. माझाही तोच होता.

त्या शांततेत तिसऱ्या ओळीत शिवकन्या बसायची. सरांच्या चौथीतून ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या प्रगतिपत्रकावर त्यांचा शेरा होता, 'फार बडबड करते, करू द्यावी.' शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, आपल्या राज्याची राजधानी कोणती? तिनं हात वर करून खणखणीत सांगितलं, "जालना." मी कोपरापासून हात जोडले. "धन्य आहात बाईसाहेब, आता तुम्हीच व्हा मुख्यमंत्री." वर्ग खो खो हसला. तीही जराशी हसली आणि खाली बसली. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती माझ्या वर्गात एक शब्द बोलली नाही. मी शेरा लिहिला, 'स्वभावाने अबोल.'

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि शिवकन्या आलीच नाही. आठवड्यानं तिची आई आली. "मॅडम, पोरगी म्हंती, मला डोस्कंच न्हाई. रोज सकाळी पोट दुखतंय म्हनून रडून राह्यली. शिकायचंच न्हाई म्हंती, मंग कशाला धाडू? तुमी तिचं नाव कमी करा."

मी तणतणत सरांकडे गेले. "बराबर बराबर करून तुम्ही लाडावून ठेवलीत पोरगी. आता तिला काही सोसत नाही. तोंडातून शब्द काढत नाही." सर पोरांच्या पेन्सिलींना टोक करत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "बोलत न्हाई, ह्ये तिचं उत्तर झालं. बराबर हाय. तुमी सवाल काय इचारल्ता?"

अशी चीड आली म्हणून सांगू! घरी पोचेपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता माझे ते जोडलेले हात आठवले. तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "तू जालना म्हणालीस तेव्हा मी तुझी टर उडवली. माझं चुकलं. जालना आपल्या जिल्ह्याचं ठिकाण आहे, हे तुला ठाऊक होतं. ते मी ओळखायला हवं होतं." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. राख लावून तोच तांब्या घासत राहिली. पण सोमवारी शाळेत आली. वर्गासमोर मी हेच परत बोलले. तोंड कडू झालं, पण बोलले.

एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि ज्यांनी त्यांना असमाधानकारक ठरवलं होतं त्याच साहेबांचं 'आनंददायी शिक्षणा'वर पाऊण तास भाषण. सत्कारमूर्ती खुर्चीत चक्क डुलक्या काढत होते. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, शिवकन्या अभ्यास करते, पण माझ्या तासाला अजून हात वर करत नाही. कधी करेल?" मला वाटलं, धीर देतील. "ठाव न्हाई, मॅडम," म्हणाले. शालीची घडी घालून पिशवीत कोंबली आणि मंठ्याकडच्या आपल्या गावी निघून गेले.

त्यांची चौथी मी मागून घेतली. आता माझ्याही हजेरीला वीस मिनिटं लागतात. स्टाफरूममध्ये माझी नक्कल होते असं कानावर येतं. होऊ दे. सरांची फार आठवण येते.

शिवकन्या आता टेंभुर्णीला आठवीत आहे. परवा बाजारात दिसली. मैत्रिणींशी तोंडाचा पट्टा चालू होता. मला बघताच गप्प झाली. मी विचारलं, "कशी आहेस गं?"

तिनं आधी माझा चेहरा निरखला, मग हळूच म्हणाली, "चांगली आहे. बरोबर ना, मॅडम?"