पेंडीचा खर्च

मीरा, चिनू — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. परवा फोनवर मीरानं विचारलं, धंद्यातलं ग्रॉस इन्कम म्हणजे नेमकं काय? मी चटकन सांगितलं. फोन ठेवला, आणि खोलीभर दुधाचा वास पसरला — कुठून आला असेल?

तामलवाडीतली ती दुपार अजून डोळ्यांपुढं तरंगते. ओसरीवर कडुनिंबाची सावली हलत होती. समोर भागाबाई — दोन म्हशींवर घर चालवणारी. तिची कमल आणि तुमची आई एकाच वर्गात. कमल कायम एक पाऊल पुढं. सोलापूरला राहून शिकायची शिष्यवृत्ती गावातल्या एकाच मुलीला मिळणार होती. घरच्या उत्पन्नाला वरची मर्यादा होती. अर्ज इंग्रजीत, आणि इंग्रजी येणारी मी एकटी.

"डेअरीतून आलेलं समदं लिवा, बाई," भागाबाई म्हणाली. "लेकीच्या कागदावर खोटं नगं. न्हाय तर म्हशीच साक्षीला येतील!" आणि स्वतःच हसली.

मी लिहिलं. समदं.

उत्पन्नाच्या रकान्याखाली बारीक अक्षरात टीप होती — विक्रीचा सगळा पैसा म्हणजे ग्रॉस इन्कम नव्हे. माल तयार करायला जे लागलं, ते आधी वजा करायचं. म्हणजे सरकी, पेंड, कडबा. एवढंच विचारायचं होतं — पेंडीला किती गेले? टीप मी वाचली होती. दोनदा. आदल्याच दिवशी तुमच्या आईच्या अर्जात आपल्या शेताचं बी-खत नीट वजा केलं होतं. मग आताच विसरले का?

नाही. विसरले नव्हते.

कमलच्या घरचं उत्पन्न कागदावर मर्यादेच्या वर गेलं, अर्ज बाद झाला. तुमची आई सोलापूरला गेली, तिथून पुढं, आणखी पुढं — तुम्ही जन्मलात तिथवर. आणि भागाबाई? वाटीभर खरवस घेऊन आली. "तुमी लई खटपट केली, बाई. तिचं नशीबच न्हाय." मी तो खाल्ला. गोड लागला — हेही सांगायला हवं.

भागाबाई आता नाही. कमल त्याच गोठ्यात आहे. रोज सकाळी अर्धा लिटर दूध आपल्या दारात ठेवते. दोन्ही अर्जांच्या कार्बन प्रती माझ्या फाईलमध्ये आहेत, एकीखाली एक. अक्षर माझंच आहे.